सोनझरीच्या पहाडीवरची पूर्व

गोंदिया,
ता. १२ जानेवारी १९५७

सौ. देवकाबाई,

तुमच्या भावजयीचा, शकुंतलाचा, वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमच्या भावाचा विषमज्वर उतरून आता वर्ष होत आले. दिवसभर दुकानात बसतात आणि घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणतात, तेव्हा प्रकृती पूर्ववत झाली असे समजावे.

त्या आजारात सासूबाईंनी एक नवस बोलला होता, तो त्यांनी काल सांगितला. आजाराची तार आली तेव्हा त्या तुमच्याकडेच मुक्कामाला होत्या. अंगणात उभ्या होत्या, समोर सोनझरीची पहाडी दिसली आणि बोलून गेल्या, "माझा लेक उठून बसला तं रथसप्तमीले ह्या पहाडीवर चढीन, उगवत्या सूर्यनारायणाले अर्घ्य देईन अना तिथंच दूध उतू घालीन." मी म्हटले, अंगणात तुळशीपाशी केले तरी देव गोड मानून घेतो. तर म्हणतात, "अंगणातलं बोलली असती तं अंगणात केलं असतं. पहाडीचं बोलली, तं पहाडीच."

एवढ्यावर भागले असते तर पत्र लिहिले नसते. सुशिला मॅट्रिक होऊन घरी बसली आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. जूनपासून भंडाऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचे म्हणते. माझीही तीच इच्छा. मी मॅट्रिक झाले आणि त्या विद्येचा उपयोग किराण्याची चिठ्ठी तपासण्यापलीकडे झाला नाही, तिचे तरी व्हावे. पण सासूबाईंनी कामठ्याचे स्थळ धरून ठेवले आहे. मुलगा चैतराम शेतीवाडीचा, स्वभावाने गरीब, नाव ठेवायला जागा नाही. सासूबाईंचे म्हणणे, "कामठा हाकेवर आहे. आठ दिवसांत पोरीचं तोंड दिसंल. भंडाऱ्याले गेली की गेली." असे म्हणताना डोळ्याला पदर लावतात, मग मला पुढे बोलवत नाही.

तुमच्या भावाला विचारले तर म्हणतात, आई म्हणते तेही खरे, तू म्हणतेस तेही खरे. शेवटी काल सासूबाईंनीच तोडगा काढला. पहाडीवर दूध पूर्वेला उतू गेले तर भंडारा, दुसरीकडे गेले तर कामठा. मग कोणी रडायचे नाही. हा निवाडा आपल्या डोक्यावरून उतरला म्हणून तुमचे भाऊ इतके खूष झाले की रात्री भाजीत मीठ बरोबर होते.

देवकाबाई, देवावर माझा भरवसा आहे. पण पोरीच्या जन्माचा निकाल एका मडक्याने लावावा, हे मनात रुतून बसले आहे. पहाडी केवढी उंच, वाट कशी, सासूबाईंना झेपेल का, ते कळवावे.

तुमची,
शकुंतला

—

सडक अर्जुनी,
१७ जानेवारी

शकुंतला, तुला आशीर्वाद.

कार्ड पोचलं. माय माझी चढणार म्हणजे चढणार. तिनं एकदा ठरवलं की पहाडीनंच बाजूला सरकावं. तू काही फिकर करू नको. सोनझरी मले माझ्या चुलीसारखी ठाऊक आहे. डोळे बांधून सोड, वर नेऊन उभी करीन. रात्री जेवून निघायचं, षष्ठीचा चांद आहे तोवर अर्धी पहाडी चढायची, मग सावकाश. वर सपाट दगड आहे, देवीचं ठाणं आहे, तिथून सूर्य असा दिसते की हात लांबवला तं हाती यावा.

आमचे हे यायचे नाहीत. यंदा त्यांनी सडकेच्या पल्याड विटांची भट्टी लावली आहे. धानाच्या कोंड्यावर जळते, रात्रभर राखावी लागते. घरी येतात ते जेवायला, अन् जेवताना विटांचंच बोलतात.

आता कामाचं ऐक. दूध उतू जाते म्हणजे काय होते? मडकं जिकडं कललं तिकडं दूध जाते. चूल मांडताना पश्चिमेच्या दगडावर एक चपटी खापर सरकवून द्यायची, की दूध गेलंच पूर्वेला. माझ्या सासूनं जन्मभर असंच घातलं, अन् आमच्या घरी धानाची कोठी कधी रिकामी झाली नाही. ते माझ्यावर सोड. सुशिला भंडाऱ्याला गेली असं समज, अन् तिच्यासाठी एक ट्रंक पाहून ठेव.

देवका

—

गोंदिया,
ता. २३ जानेवारी

सौ. देवकाबाई,

सा. न. तुम्ही ते खापरीचे उघड्या कार्डावर काय म्हणून लिहिलेत? मुन्नालाल पोस्टमन कार्ड हातात देताना म्हणतो, "भाभीजी, खपरी जरा पक्की देखना, कच्ची मिट्टी की तड़क जाती है." मी कार्ड पटकन पदराखाली घेतले. सासूबाई ओसरीवर बसलेल्या, त्यांना वाटले कौलांचे बोलणे चालले आहे.

मग म्हणाल्या, "देवकाचं कार्ड वाच." वाचताना तुमचा तो मजकूर गिळला, आणि एवढे लांब कार्ड एकाएकी आखूड झाले तर संशय येईल म्हणून त्या जागी तुमच्या म्हशीला रेडकू झाले असे ठोकून दिले. आता त्या रोज विचारतात, पाड्या की पाडी. तुम्ही तेवढे सांभाळून घ्या.

पण खापर मात्र नको. हात जोडून सांगते. पोरीचे शिक्षण मला हवे आहे, देवाच्या कौलात लुडबूड करून नको. आज लबाडीने मिळाले तर उद्या तिलाच नडेल. मी सोमवार धरले आहेत, तेवढे पुरे.

दुसरे म्हणजे, आम्ही तिघी निघणार होतो, त्याच्या आता बावीस झाल्या. गल्लीतल्या भजनाच्या सगळ्या बायांना एकाएकी सूर्यनारायणाची ओढ लागली. शेजारच्या सावित्रीबाई तर पेटी घेऊन येणार. मी विचारले, सूर्य पाहायला पेटी कशाला? तर म्हणतात, तोवर काय गुमसुम बसायचं? मी सगळ्यांना बजावले आहे, शिदोरी ज्याची त्याने आणावी, रुईची पाने मात्र सगळ्यांची मीच आणीन, ती कुंपणाला फुकट आहेत. चांद्याकडच्या आगगाडीने सौंदडला उतरू. बैलबंड्या पाठवाव्यात. सासूबाईंसाठी डोलीचे विचारले, तर म्हणाल्या, "मी मेली का?"

शकुंतला

—

सडक अर्जुनी,
२८ जानेवारी

शकुंतला,

बंड्या येतील. खापर नाही घालणार, देवाची आण. आता झालं समाधान?

रेडकू कोठून आणू व माय? म्हैस भाकड आहे. माय आली की शेजारचं आणून दावणीला बांधीन. पाडी लिहिते, तेवढं लक्षात ठेव.

देवका

—

गोंदिया,
ता. ९ फेब्रुवारी

सौ. देवकाबाई,

सा. न. ऐन निघायच्या दिवशी मी बाहेर बसले हे तुम्हाला सुशिलाने सांगितलेच असेल. देवकार्य, शिवायचे नाही, काय करणार? बाया गाणी म्हणत स्टेशनला गेल्या आणि मी परसदारी कांबळ्यावर बसून राहिले. रथसप्तमीला अंगणातल्या सूर्याला लांबूनच हात जोडले आणि म्हटले, पलीकडे पहाडीवर माझी माणसे आहेत, तिकडे लक्ष असू दे.

परवा सगळ्या परत आल्या. तेव्हापासून मला काही कळेनासे झाले आहे. सासूबाई माळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतात. दूध कोणीकडे गेले विचारले तर म्हणतात, "गेलं." सुशिलेला विचारले तर म्हणते, आई, आजीलाच विचार. आणि तोंड फिरवून हसते की रडते तेही समजत नाही.

सावित्रीबाई म्हणतात, दर्शन अगदी जवळून झाले, सूर्य तांबडालाल, इतका जवळ की धुराचा वास आला. सूर्याला धूर? भजनातली टिकारामची आई म्हणते, सूर्य त्या दिवशी दोनदा उगवला. अहो, मी मॅट्रिकला भूगोल घेतला होता! सूर्य दोनदा उगवत नाही, रथसप्तमीलाही नाही. दुधाचे विचारावे तर एक म्हणते पूर्वेला गेले, दुसरी म्हणते पश्चिमेला, आणि दोघी एकमेकींकडे पाहून पाणी प्यायला उठतात.

कामठ्याची मंडळी २४ तारखेला, रविवारी, येणार आहेत. सासूबाईंनी त्यांना अजून होही कळवले नाही, नाहीही नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे. जे झाले ते स्पष्ट लिहावे.

शकुंतला

—

सडक अर्जुनी,
१२ फेब्रुवारी

शकुंतला,

सगळं चांगलं झालं. दर्शन झालं, आरती झाली, शिदोऱ्या खाल्ल्या. दूध पूर्वेलाच गेलं. आम्ही तेव्हा ज्याला पूर्व म्हणून राहिलो होतो, त्या पूर्वेला. मायचे पाय दुखत असतील तं तेल लाव. इकडे धान मळून झालं. बाकी काही विशेष नाही.

देवका

—

गोंदिया,
ता. १४ फेब्रुवारी

सौ. देवकाबाई,

"तेव्हा ज्याला पूर्व म्हणून राहिलो होतो" म्हणजे काय? पूर्व काय दर वेळी ठरवून घ्यायची असते? पाकीट करा, पैसा वाचवू नका (हे मी लिहिते आहे, यावरून माझी अवस्था ओळखा), आणि सगळे खरे लिहा. पोरगी माझी आहे.

शकुंतला

—

सडक अर्जुनी,
१७ फेब्रुवारी

शकुंतला,

पाकीट केलं आहे. वाचून चुलीत घाल. मायले वाचून दाखवू नको, तुले माझ्या गळ्याची आण.

चढण चांगली झाली. माय अनवाणी, सगळ्यांच्या पुढं. चांद बुडाला तोवर आम्ही मोहाच्या झाडापाशी पोचलो. तिथं वाट फुटते. मी पहाडी दिवसा चढली होती व, रात्री कधी नाही. त्यात सावित्रीबाईच्या पेटीनं सूर धरला, सगळ्या गाऊन राहिल्या, त्या नादात मी डावीकडची धरली. ती वाट पहाडीले वळसा घालून मागल्या अंगाले निघते. वर सपाट दगड लागला. देवीचं ठाणं दिसलं नाही, पण मले वाटलं अंधार आहे, म्हणून दिसत नसेल. आता आमच्या पाठीशी खडकाची मोठी भिंत होती अन् समोर सगळं मोकळं.

थंडी अशी की दात वाजून राहिले. सगळ्या डोक्यावरून चादरी घेऊन बसल्या. तेवढ्यात समोर खाली झाडांमागं लाली दिसली. सावित्रीबाई ओरडली, "फटफटलं व बाई, फटफटलं!" मग काय! रुईची पानं डोक्यावर, तांबे हातात, बावीस जणी उभ्या. सुशिला म्हणाली, "आत्या, ही पूर्व नाही. ध्रुवतारा आपल्या उजव्या हाताला आहे, म्हणजे आपलं तोंड पश्चिमेला आहे." मी म्हटलं, "सोनझरी तुले ठाऊक की मले?" ती मायकडं गेली. माय म्हणाली, "चूप. देव समोर उगवून राहिला, अना तू मागं काय पाह्यतं?" पोरगी एकटी पाठ फिरवून उभी राहिली, खडकाच्या भिंतीकडं तोंड करून. टिकारामच्या आईनं तिले भिंतीवर काय देव दिसते का म्हणून टोमणाही मारला.

अर्घ्य झालं. आरती झाली. सूर्य काही वर येईना. लाल तेवढा लाल, जागच्या जागी. सावित्रीबाई म्हणाली, माघातला सूर्य आळशी असते. मी चूल मांडली, दूध ठेवलं.

आता हे वाचून मले शिव्या दे. मी खापर घातली. आण घेतली होती, पण पोरीचं तोंड पाह्यलं अन् राहावलं नाही. दूध चढलं, उतू गेलं, सरळ त्या लालीकडं! "पूर्वेले, पूर्वेले!" सगळ्यांनी एकच गलका केला. मी सुशिलेले मिठी मारली, तं ती लाकडासारखी उभी.

तेव्हा माय म्हणाली, "देवका, माझी पाठ काऊन तापून राहिली?"

मागं वळून पाह्यलं. खडकाच्या वरून सूर्य चांगला वीतभर आला होता.

सावित्रीबाईनं पेटीचा भाता दाबून धरला होता, तो सुटला अन् पेटी एकटीच कण्हली. उजेडात खाली पाह्यलं तं ती लाली म्हणजे आमची भट्टी. आमच्याच ह्यांची! त्यांच्या गड्यांनी रात्री नवा कोंडा घातला होता. गडी सांगतात, "मालकीणबाई, वरून बाया आमच्याकडं ओवाळून राहिल्या होत्या, म्हणून आम्हीही हात जोडले." हे तेव्हापासून हसून राहिले. जेवताना म्हणतात, आज देवाच्या विटा किती भाजल्या?

म्हणजे दूध पश्चिमेले गेलं, शकुंतला. अन् माझ्या खापरीनं गेलं. खापर नसती घातली तं कोण जाणे, खऱ्या पूर्वेले गेलं असतं. पोरीचं मीच वाटोळं केलं. माय उतरताना सगळ्यांच्या मागं राहिली. रेडकाकडंही पाह्यलं नाही.

देवका

—

गोंदिया,
ता. २१ फेब्रुवारी

देवकाले आशीर्वाद.

तुझी माय रुख्माबाई सांगते अना सुशिला लिहिते. जसं बोलीन तसंच लिही म्हणून मी तिले बजावलं आहे.

तुझं पाकीट आलं. सुनबाई ते घेऊन चुलीपाशी गेली अना तिथंच बसली. बऱ्याच वेळानं आली, म्हणाली, "सासूबाई, तुमच्या लेकीनं मला आण घातली आहे, पण तुम्हाला फसवून मला पोरीचं भलं करायचं नाही." अना सगळं वाचून दाखवलं, एक ओळ गिळली नाही. रेडकाचंही सांगून टाकलं. मले ते तुझ्या घरी आली तेव्हाच समजलं होतं. शेजारची म्हैस सारखी हंबरून राहिली होती.

खापरीचं म्हणशील तं ते मी तेव्हाच पाह्यलं. तुझ्या हाताखालून सरकताना पाह्यलं. बोलली नाही. मनात म्हटलं, पाहू, देव मोठा की देवका मोठी. देव मोठा निघाला. तुले वाटलं तू दूध फिरवलं. त्यानं सूर्यच मागून काढला.

पंधरा दिवस मी हेच विचार करून राहिली. मी बोलली होती, पूर्वेले गेलं तं भंडारा, नाही तं कामठा. दूध गेलं पश्चिमेले. मी बोलल्यावर फिरत नाही. मंग कामठ्याले हो कळवायचं, एवढंच उरलं होतं. पन हो म्हणायले तोंड उघडलं की ती पहाडी डोळ्यासमोर येते. आम्ही बावीस बाया. मी जन्मभर सूर्याले पानी देऊन राहिली, अना भट्टीले देव म्हणून ओवाळून आली. एकटी ही पोट्टी म्हणत होती, हे पूर्व नोहे. मी तिले चूप म्हटलं. ती चूप राहिली, पन भट्टीले पाया पडली नाही. घंटाभर थंडीत पाठमोरी उभी राहिली, खऱ्या देवाची वाट पाहत.

(आजी रडते आहे. लिहू नको म्हणाली, पण जसं आहे तसं लिही असंही आधी म्हणाली होती.)

मंग काल मी तिले इचारलं, कामठा आपल्या घरून कोनीकडं? म्हणते, उत्तरेच्या अंगाला. अना भंडारा? म्हणते, पश्चिमेला. मले वाटलं, पोट्टी आपल्या सोयीचं सांगते. दारात मुन्नालाल आला होता. त्याले इचारलं. तो म्हणाला, "माताजी, भंडारा पच्छिम में ही है, डाक रोज उधर ही जाती है." तुझ्या दारची सडकही म्हणे पश्चिमेले भंडाऱ्यालेच जाते. खरं हाय का? म्हणजे त्या दिवशी दूध कोनीकडं गेलं? सांग मले. मी आपली पूर्व-पूर्व करून राहिली होती, देवानं गावाचं नावच सांगून टाकलं, अना आम्ही बाया त्याले समजून घ्यायले तयार नाही.

सुनबाई म्हणते, सासूबाई, हे ओढूनताणून होते. मी म्हटलं, तू मॅट्रिक आहेस, तू तुझं पाह्य. देवाशी बोलणं मी केलं होतं, त्याचा अर्थ मीच लावीन.

कामठ्याले आज निरोप धाडला. पोरगा भला आहे, त्याले दुसरी भेटंल. पोरगी जूनमध्ये भंडाऱ्याले जाईल. एक बोली केली आहे. दर आठ दिवसांनी मले कार्ड टाकायचं, मोठ्या अक्षरात, अना सुनबाईनं त्यातलं काही गिळायचं नाही.

अना नवस माझा उरला आहे. अर्घ्य भट्टीले गेलं, ते देवाच्या हिशेबात धरत नाहीत. पुढच्या सालच्या रथसप्तमीले मी पुन्हा येईन. सावित्रीबाईले पेटी आणू देऊ, तिचं मन मोडत नाही. पोरगी सुट्टी काढून येईल, अना पहाडीवर ती पुढं चालंल. तू मागं.

(आजीच्या सांगण्यावरून लि. सुशिला. आत्या, शेवटची ओळ आजीने दोनदा वाचून घेतली.)